काकूंचा पदर आणि माझी पिन

जगात आजवर जेवढे पदर खांद्यावर चढले असतील, त्या सगळ्यांत जास्त काम आमच्या शेजारच्या काकूंच्या पदरानं केलं असेल. आणि मला त्याचं कौतुक वगैरे काही नव्हतं, मी चक्क जळायचे. नव्वदच्या दशकात आम्ही इंदिरानगरला राहायला आलो, तेव्हा काका एकलहऱ्याला वीजकेंद्रात पाळ्या करायचे आणि काकू पदर खोचून सगळ्या बिल्डिंगची कामं अंगावर घ्यायच्या. त्याच पदरानं गरम पातेलं उतरायचं, चष्मा पुसला जायचा, पिंपळगावहून बहिणीनं पाठवलेली द्राक्षं घरोघर पोचायची. काही लक्षात ठेवायचं असलं की त्यालाच गाठ. बोलण्यातसुद्धा तोच. माझी पोळी उलगडून बघायच्या आणि म्हणायच्या, "पदर नाही गं सुटले हिला." चहात साखरेऐवजी मीठ पडलं, तर "एवढी चूक पदरात घे" म्हणून मोकळ्या.

हेही मी सोसलं असतं. पण माझी चार वर्षांची लेक हात धुतले की माझ्यासमोरून पळत काकूंकडे जायची आणि हात, तोंड, नाक, सगळं त्यांच्या पदराला पुसायची. मी बँकेत नोकरीला. घड्या घालून, पिन लावून माझा पदर चापूनचोपून बसवलेला. एकदा न राहवून म्हटलं, "माझ्या पदराला पूस की."

तिनं हात मागे घेतले. "नको, तुझा बँकेचा आहे."

काकू हसल्या. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांना ते कळलंच नाही, याचा वेगळा राग आला.

लेक कॉलेजात गेली त्या वर्षी काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि साडी सुटून गाउन आला. आम्ही भेटायला गेलो. लेकीनं आत जाऊन द्राक्षं धुऊन आणली आणि ओले हात घेऊन सवयीनं काकूंपाशी उभी राहिली. पुसायला काही नव्हतं.

"आईच्या पदराला पूस," काकू म्हणाल्या.

लेक माझ्याकडे बघत राहिली. मी घाईघाईनं पिन काढली, ती बोटाला टोचली. तिनं माझ्या सिल्कच्या पदराला हात पुसले, अगदी सावकाश, दोन्ही बाजूंनी. इतक्या वर्षांनी मी जिंकले होते आणि खरं सांगते, क्षणभर फार बरं वाटलं.

तेवढ्यात काकूंनी चष्मा काढला. त्यांचा हात खांद्यापाशी गेला, थोडा वेळ चाचपत राहिला आणि तसाच खाली आला. मी खुर्ची पुढे ओढली आणि पदराचं कोरडं राहिलेलं टोक त्यांच्या हातात दिलं.