आत्याने चिकटवलेला रॅम्प

आमच्या आत्याला कुणी रस्ता विचारू नये. ती सांगते अगदी बरोबर, पण अजून न बांधलेल्या शहराचा.

परवाच एक बाई हातात एक्स-रेचं पाकीट घेऊन तिला विचारत होत्या, "हॉस्पिटलकडे कसं जाऊ हो?" आत्याने कामावरचा गोड आवाज लावला. "स्टेशनाच्या पूर्वेच्या दाराने आत जा, सरकत्या जिन्याने वर चढा, काचेचा पूल ओलांडला की समोरच." बाई थँक्यू म्हणून गेल्या आणि जरा वेळाने घामाघूम होऊन परत आल्या. "अहो, पूर्वेला भिंत आहे! दार कुठंय?" आत्याने जीभ चावली. "अगं बाई! चुकलंच. ते दार व्हायचंय."

त्यात तिचाही दोष नाही. आमच्या शहरातली रेल्वे म्हातारी झाली आहे, म्हणून रूळ दुप्पट करायचे, गाड्या नव्या आणायच्या आणि सगळी स्टेशनं पाडून परत बांधायची असं कधीचंच ठरलं आहे. हे ठरलं तेव्हा जुन्या स्टेशनाशेजारच्या हॉलमध्ये सरकारने एक माहिती केंद्र उघडलं. आत एका मोठ्या टेबलावर नव्या स्टेशनाची प्रतिकृती आहे. नखाएवढी माणसं, काड्यांचे दिवे, आणि बटण दाबलं की घूंऽऽ करत गोल फिरणारी गाडी. आत्याचं काम म्हणजे हातात छडी घेऊन येईल त्याला हे समजावणं. "इथे तिकीटघर होईल. इथे प्रतीक्षालय होईल." इतकी वर्षं ती हेच बोलते आहे, त्यामुळे आमच्या गल्लीत तिला 'होईलबाई' म्हणतात. भाजीवालासुद्धा म्हणतो, "या होईलबाई, आज टोमॅटो चांगले होतील!"

ही नोकरी तात्पुरती. काम सुरू झालं की केंद्र बंद, आणि आत्याला नव्या स्टेशनावर प्रवासी मदतनीस म्हणून कायमची जागा, असं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. फक्त त्या जागेला वयाची अट आहे आणि पुढच्या वर्षी आत्या ती ओलांडते. म्हणजे मंजुरी आणि पैसे दोन्ही याच वर्षी आले तर आत्या कायम, नाहीतर केंद्र बंद झालं की आत्या घरी. तिचा जीव टांगणीला लागला होता तो यासाठी.

तिचे साहेब नाकातून बोलतात आणि दर वाक्यात 'तत्त्वतः' घालतात. आत्याने फोन केला की सगळ्या घराला ऐकू येतं.

"साहेब, मंजुरीचं काय झालं?"

"तत्त्वतः मंजुरी आहे. आता फक्त मंजुरी यायची राहिली आहे."

एका वर्षी मंजुरी आली तर पैसे नव्हते. पुढच्या वर्षी पैसे आले तोवर मंजुरीची मुदत संपली होती. मग दोन्ही आले, पण तोवर लोखंड महागलं होतं, म्हणून अंदाजपत्रक नवीन, आणि अंदाजपत्रक नवीन म्हणून मंजुरी पहिल्यापासून. बाबा म्हणाले, "तुमची गाडी खरंच गोल फिरते की गं! मी समजत होतो ते फक्त टेबलावरचं."

आत्या हसली नाही. तिला त्या दिवसांत हसायलाही एका जागी थांबवत नव्हतं. कामावरून आली की पर्स न ठेवताच खिडकीपाशी, तिथून फोनपाशी, तिथून परत खिडकीपाशी. चहा करायची आणि प्यायची विसरायची. धुतलेली भांडी परत धुवायची. एकदा तिने चालू पंख्याखाली स्टूल लावलं, पंखा पुसायला. बाबा ओरडले, "अगं, बस ना जरा! तुझ्याकडे बघून मला धाप लागते."

"बसून काय करू?"

"बसायला काही करावं लागत नाही, बाई!"

आता रॅम्पचं सांगते. केंद्रात रोज एक काठीवाले आजोबा यायचे. खरं तर ते तिथल्या गार हवेसाठी यायचे, पण आल्यासारखं प्रतिकृतीवरून बोट चालवायचे. दारातून आत, तिकीटघर, डावीकडे, आणि जिन्यापाशी बोट थांबायचं.

"इथून मी कसा जाऊ?"

"आजोबा, लिफ्ट आहे ना."

"आणि बंद पडली तर? आत्ताच्या स्टेशनावर घड्याळ बंद, पंखे बंद, पाण्याचा नळ बंद. लिफ्ट तेवढी लाजेखातर चालू राहणार आहे होय?"

याला छडीच्या भाषणात उत्तर नव्हतं. आत्या त्या संध्याकाळी घरी आली, बाबांच्या नव्या बुटांचा खोका फाडला, त्याची लांब पट्टी कापली, तिला राखाडी रंग दिला आणि सकाळी जिन्याच्या बाजूला चिकटवून टाकली. आजोबांचं बोट सुर्रकन फलाटावर पोचलं. "हां! आता आली गाडी माझ्या कामाची."

मग काय, तिला चटकच लागली. एक बाळंतीण म्हणाली फलाटावर टेकायला जागा नाही, तर आत्याने आइसक्रीमच्या काड्यांची बाकं बसवली. शाळेची सहल आली, त्यातल्या एका मुलीने सगळ्यांसमोर हात वर करून विचारलं, "बाई, शू कुठे करायची?" दुसऱ्या दिवशी फलाटाच्या टोकाला काडेपेटीचं स्वच्छतागृह उभं. साहेबांना पत्ता नाही. ते आले की बटण दाबायचे, गाडी एक फेरी फिरेपर्यंत बघायचे, "छान, छान" म्हणायचे आणि जायचे. फाइल हलत नव्हती ना, मग आत्याने जे हलवता येत होतं ते हलवलं, असं मला वाटतं.

आणि अचानक समिती येते म्हणून कळलं. पैसे देणाऱ्यांची. त्यांनी पाहून मान हलवली की शेवटची सही, आणि काम याच वर्षी सुरू. मला शाळेला सुट्टी होती, म्हणून मी मागच्या बाकावर बसून सगळं पाहिलं. आत्याने इस्त्रीची साडी नेसली होती आणि छडी उजव्या हातातून डाव्या, डाव्यातून उजव्या अशी चालली होती.

समितीच्या प्रमुख एक बुटक्या, चष्मेवाल्या मॅडम होत्या. त्यांनी बटण दाबलंच नाही. काखेतला नकाशा उलगडला आणि टेबलाशी ताडून बघायला लागल्या.

"हे काय आहे?"

"रॅम्प आहे, मॅडम," साहेब म्हणाले.

"नकाशात नाही."

"असेल मॅडम. तत्त्वतः असेल."

"तत्त्वतः म्हणजे कुठल्या पानावर?"

साहेबांच्या नाकातला आवाज नाकातच राहिला. मॅडम वाकल्या, स्वच्छतागृहाकडे चष्मा वर करून पाहिलं. "याच्या मागच्या भिंतीवर वाघ का आहे?"

रंग पातळ लागला होता. काडेपेटीवरचा वाघ सगळ्या समितीकडे बघत होता.

आत्या गप्प राहू शकली असती. कुणाला कळणार होतं? पण तिला एक क्षणसुद्धा उभं राहून वाट बघता येत नाही, हे मी सांगितलंच आहे. "मी चिकटवलं," ती म्हणाली. "रॅम्प, बाकं, ते पण. लोक विचारतात हो मॅडम. रोज विचारतात."

साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती स्वतःच काडेपेटीची झाली आहे. "काढा! आत्ताच्या आत्ता काढा!" आत्याने नखाने रॅम्प उचकटायला घेतला, तर त्याच्याबरोबर अख्खा फलाट वर यायला लागला. डिंक कमी घालणं आमच्या घराण्यात नाही.

"राहू द्या," मॅडम म्हणाल्या. नकाशावर पेन्सिलीने काहीतरी केलं, गुंडाळी काखेत घातली आणि निघून गेल्या. चांगलं म्हणाल्या नाहीत, वाईट म्हणाल्या नाहीत. चहाही घेतला नाही.

त्यानंतरचे दिवस विचारू नका. आत्या स्वतःशीच बडबडायची. "मला काय गरज होती? नकाशात नव्हतं ना, मग नव्हतं! पण त्या आजोबांना काय सांगायचं होतं मी?" आधी स्वतःला शिव्या, मग आजोबांना, मग बाबांना, की तू नवे बूट आणलेसच कशाला. बाबा म्हणाले, "उद्यापासून अनवाणी जातो."

फोन आला तेव्हा आम्ही जेवायला बसत होतो. आत्याने प्रतिकृतीचं बटण दाबावं तसा जोरात अंगठा दाबला आणि फोन ताटाशेजारी ठेवला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं.

"अभिनंदन, बाई, अभिनंदन!" साहेब गात होते. "समितीने तुमचा रॅम्प मान्य केला. स्वच्छतागृहसुद्धा! एका नाही, सगळ्या स्टेशनांवर. लेखी आदेश आहे."

बाबांनी टाळीच वाजवली. आत्याचा चेहरा असा उजळला की तसा मी तो कधी पाहिला नव्हता.

"मग काम याच वर्षी सुरू, साहेब?"

"याच वर्षी कसं होईल? आता नकाशे सुधारायचे, सगळ्या स्टेशनांचे. मग खर्च सुधारायचा. मग तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय, मग निधी. पण मार्गी लागलं बघा. तुमच्यामुळे!"

"आणि माझा अर्ज? माझं वय?"

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. "वयाचं तत्त्वतः..."

आत्याने फोन बंद केला.

बाबांनी घास हातात धरला होता तो तसाच. "माझ्याच हाताने," आत्या म्हणाली. "माझ्याच हाताने, बुटाच्या खोक्याने." ती उठली, स्वयंपाकघरात गेली. आम्हाला वाटलं, आता नळ सुरू होईल, धुतलेली भांडी परत धुतली जातील. नळ वाजला नाही. ती दारात आली आणि म्हणाली, "उतार किती धरलाय, ते विचारायचंच राहिलं."

"तुझी कायमची नोकरी गेली आणि तू उतार विचारतेस?" बाबांचा आवाज चिरकला.

"मी खोक्याची पट्टी डोळ्याने कापली होती, दादा. मोजून थोडीच? हे तसाच उतरवून घेतील आणि सगळीकडे बांधतील. ऊठ. तुझी संगणकापुढची चाकाची खुर्ची आण."

"मला कशाला?"

"तुझं वजन आहे."

तिने माझ्या पलंगाची फळी ओढून काढली आणि इमारतीच्या दारातल्या पायऱ्यांवर उतरती टाकली, खोक्याच्या पट्टीच्याच चढाची. बाबा संगणकाच्या खुर्चीत, मांडीवर हात, वरातीला निघाल्यासारखे ताठ. आत्या मागून ढकलायला लागली. वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या. "काय चाललंय हो?" "रेल्वेचं काम सुरू झालं, काकू!" बाबा ओरडले.

निम्म्यावर खुर्ची अडली. आत्याच्या चपला फरशीवर मागे घसरायला लागल्या.

"सोडू नकोस हं!"

"सोडत नाहीये. गप बस." तिने खांदा लावला. खुर्ची तसूभर हलली नाही. "चढ फारच खडा आहे. आजोबा यावरून निम्म्यात बसतील. याच्या दुप्पट लांब पाहिजे."

"म्हणजे परत नकाशा? फाइल आणखी लांबणार!"

"लांबू दे की! आता माझं काय अडलंय तिच्यावाचून?" आत्या म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि आवाज एकदम चढा, मोकळा होता, छडीवाला नाहीच. एका खांद्याने बाबांना तोलत तिने दुसऱ्या हाताने साहेबांना फोन लावला.

साहेबांनी उचलला नाही. तिने परत लावला.