कांद्याचा रंग

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, फोटोग्राफर. एका वर्तमानपत्रासाठी त्यांनी आयुष्यभर शहराचे फोटो काढले. सभा, अपघात, पुढाऱ्यांचे हार हे इतरांच्या वाट्याला जायचं. भाऊजींना आवडायचं ते कुणाच्या खिजगणतीत नसलेलं. शिंप्याच्या काचेवर साचलेली इस्त्रीची वाफ, पुलाखाली वाळत घातलेल्या चादरी, कचऱ्याच्या गाडीला कुणीतरी खोचलेलं फूल. सुंदर गोष्टी शोधाव्या लागत नाहीत, फक्त थांबावं लागतं, असं ते म्हणायचे. थांबायचे मात्र रस्त्यात. घरी जेवायला बसले की आधी ताट खिडकीशी नेणार, मनासारखा उजेड येईपर्यंत सगळ्यांना ताटकळत ठेवणार आणि मग गार झालेली भाजी मुकाट्याने गिळणार. काखेत कळसा नि गावाला वळसा, त्यातले आहेत हे, असं ताई म्हणायची आणि भाजी पुन्हा गरम करायची.

प्रवासालाही ते एकटेच जायचे. समुद्र, डोंगर, परक्या गावांची स्टेशनं. ताईला एकदाही नेलं नाही. का, तर बरोबर माणूस असलं की चहापाण्यात वेळ जातो आणि उजेड कुणासाठी थांबत नाही. मला हा माणूस फारसा आवडायचा नाही, हे आधीच सांगून टाकते.

मग ताई आजारी पडली. यकृताचं दुखणं. ऑपरेशन करता येईल, पण आधी खाऊन-पिऊन अंगात ताकद येऊ द्या, वजन वाढलं की घेऊन या, असं डॉक्टर म्हणाले. ताईची तर अन्नावरची वासनाच उडालेली. भाऊजींनी कॅमेरा कपाटात ठेवला आणि हातात झारा घेतला. ताईची खाट बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात आणली, म्हणजे तिला पडल्या पडल्या सांगता येईल. मिठाचा डबा कुठला हे ज्याला ठाऊक नव्हतं, तो माणूस नाक ओढत कांदा चिरताना बघून मला हसू यायचं.

त्यांचं सगळं शिकणं डोळ्यांनी. कांदा आधी गुलाबी होऊ द्या, मग सोनेरी, असं ताई सांगायची आणि ते कढईवर वाकून रंग बघत राहायचे. चव घ्यायची असते हे त्यांच्या गावीही नव्हतं. स्वतः पाव-चहावर भागवायचे. मी दर रविवारी जायचे. ताईचं ताट रिकामं असायचं, ती हसायची, भाऊजी खूश. वजन मात्र उतरतच होतं.

एका रविवारी ते दूध आणायला खाली गेले, तेव्हा मी वाटीत थोडा रस्सा घेतला. कांदा दाताखाली कचकच वाजला. मसाल्याचा कच्चा वास. मी वर पाहिलं. ट्यूबलाइट काढून भाऊजींनी तिथे पिवळा दिवा लावला होता. पांढऱ्या उजेडात अन्न मेलेलं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. त्या दिव्याखाली कांदा कढईत पडताक्षणीच सोनेरी दिसत होता. जन्मभर उजेडाचा धंदा केला, आणि फसले कुठे तर फोडणीत.

"रोज हे खातेस तू?" मी ताईला विचारलं.

तिने उशाखालची प्लॅस्टिकची पिशवी दाखवली. ते कढईकडे वळले की अर्धं जेवण त्यात जायचं. "कसं सांगू गं? माझं जेवण होईस्तोवर समोर बसून असतात. लग्नानंतर पहिल्यांदाच."

मला तिचाही राग आला आणि त्यांचाही. इथे जिवाशी गाठ आणि ही नवऱ्याचं मन राखत बसलीय. मी तावातावाने स्टुलावर चढले, दिवा काढला, ट्यूब लावली. भाऊजी दूध घेऊन आले तसं त्यांना कढईपाशी नेलं आणि म्हटलं, आता बघा रंग. त्यांनी बघितलं. ओशाळले. काहीतरी बोलायला म्हणून ताईकडे वळले आणि तिथेच थबकले.

ताईचा चेहरा, नखं, डोळ्यांतलं पांढरं, सगळं पिवळं पडलं होतं. मीही तिला कित्येक आठवडे त्याच दिव्यात बघत होते.

"तू अशी कधीपासून दिसतेयस?" त्यांनी विचारलं.

"तो दिवाच बरा होता," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. ऑपरेशनची वेळ गेली होती. आधी का आणलं नाही, असं त्यांनी विचारलं, तेव्हा भाऊजींनी खाली मान घातली. मीही घातली.

घरी आल्यावर ते पुन्हा स्वयंपाकाला लागले. पांढऱ्या उजेडात कांदा सावकाश परतला, दर थोड्या वेळाने चमच्याने चाखून पाहिला. ताईने एक घास घेतला, नीट चावला. आज भाजी जमलीय, म्हणाली आणि ताट हलकेच दूर सारलं.

"आणखी एकच," घास पुढे करत भाऊजी म्हणाले.

तिने नको म्हणून मान हलवली. माझा त्यांच्यावरचा सगळा राग त्या क्षणी संपला, पण आता त्याचा कुणालाच उपयोग नव्हता. त्यांनी घास खाली ठेवला नाही. ती झोपली तरी तो तसाच तिच्या तोंडाजवळ धरून ते बसून राहिले.