नाय ते, पण हाय

वनिताला कंपनीने नाकारलं नव्हतं. मी नाकारलं होतं.

आज तिला जाऊन वर्ष झालं. हे लिहायला मला एवढा वेळ लागला.

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. वनिता पोलादपूरच्या वर, कुडपणची. वय चौतीस. महाडला एका नर्सिंग होममध्ये पेशंटची देखभाल करायची.

मी कॉलेजात असताना जपानी शिकले आणि पुढे नोकरीभर दुभाषी म्हणून काम केलं. रिटायर झाल्यावर महाडमध्ये रविवारचा क्लास सुरू केला. जपानमध्ये वृद्धांच्या देखभालीच्या नोकरीला जाणाऱ्या मुलींसाठी.

वनिता पहिल्या दिवसापासून पहिल्या बाकावर.

पहिल्याच तासाला मी सांगितलं, जपानीत होकार द्यायचा तर ‘हाय’ म्हणायचं.

ती हसायलाच लागली. “मॅडम, या हायसाठी शाळेत मी छड्या खाल्ल्या. हाय नाही, आहे म्हण. आणि तिकडं त्यालाच मार्क?”

सगळा वर्ग हसला. मी हसले नाही. माझ्या वर्गात मी हसत नाही.

मग नोकरीचे शब्द आले. कंपनीत रुजू होणं म्हणजे ‘न्यूशा’. तिने वहीत लिहिलं, “न्यू माणूस, न्यूशा.”

मी म्हटलं, “यात ‘न्यू’चा अर्थ आत जाणं असा आहे. इंग्रजीतलं न्यू इथे आणू नकोस.”

“पण मॅडम, आत जाणारा न्यूच असतो ना?”

खोडलं मी ते. लाल पेनने.

आणि ‘नाइतेइ’. म्हणजे कंपनीने तुम्हाला घ्यायचं ठरवलं, तसं कळवलं, फक्त रुजू व्हायचं बाकी.

हा शब्द काही केल्या तिच्या लक्षात राहीना. एक दिवस उभी राहिली आणि म्हणाली, “बसला डोक्यात. ऐकायला नाय ते, पण हाय.”

इतका वेळ हसले सगळे की तास बुडाला.

पुढच्या आठवड्यात मुलींना जपानला पाठवणाऱ्या एजन्सीचा फोन आला. “मॅडम, इंटरव्ह्यूला चार जणी द्या. तुम्ही सांगाल त्या.”

नावं देण्याआधी मी सराव म्हणून वर्गात खोटा इंटरव्ह्यू घेतला. वनिताला विचारलं, नाइतेइ म्हणजे काय? तिचं उत्तर बरोबर होतं. पण सांगताना तिला हसू आलं.

मी तीनच नावं दिली. इंटरव्ह्यूला कुणाला बोलवायचं ते कंपनीच ठरवते, असं मुलींना वाटायचं.

माझ्या मनात होतं की ही जपानी माणसांसमोर अशीच फिसकन हसेल आणि माझ्या क्लासचं नाव जाईल. पुढच्या बॅचला पाठवू. तोवर शिस्त लागेल.

चौथी जागा रिकामीच गेली.

तिघींना नाइतेइ मिळालं. वनिताने त्यांना पेढे भरवले आणि मग माझ्याकडे आली.

“मॅडम, माझं काय चुकलं? कंपनीनं काय सांगितलं?”

मी म्हटलं, “ते कारणं सांगत नाहीत.”

सरळ खोटं. पाठ्यपुस्तकातलं वाक्य म्हणावं तसं, न अडखळता.

त्यानंतर ती वर्गात हसायची बंद झाली. मराठीसुद्धा शुद्ध बोलू लागली. हायच्या जागी आहे, नायच्या जागी नाही.

मला वाटलं, सुधारली.

मला बरं वाटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पावसाळ्यात तिला कावीळ झाली. अंगावर काढली तिने. पुढची बॅच सुरू व्हायच्या आतच गेली.

काल मी कुडपणला जाऊन आले. तिची आई ओटीवर नाचणी पाखडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बसले असते तर सांगून झालं नसतं.

सूप खाली ठेवून ती म्हणाली, “म्हंजी तिला कोन नाय म्हनलंच नव्हतं?”

“नाही. कंपनीने तिला पाहिलंच नाही. मी नाव दिलं नाही.”

“आन् ती मला सांगायची, आई, मला येत नाय गो. माझं डोकं तेवढं नाय.”

तिने वर माझ्याकडे पाहिलं.

“तिला येत व्हतं?”

“येत होतं.”

“मंग ह्ये तिला सांगायचं व्हतं, बाई. मला आता सांगून काय.”

मग आत जाऊन तिने चहा ठेवला. मी प्यायले. नको म्हणायला मला तोंड नव्हतं.

आता नवीन बॅच आहे. मागच्या रविवारी फळ्यावर नाइतेइ लिहिलं आणि म्हटलं, “लक्षात ठेवा. ऐकायला नाय ते, पण हाय. हे वनिताचं आहे.”

मुली हसल्या. मी हसू दिलं.

एक राहिलं.

जपानी ऑफिसात जो आधी घरी निघतो तो म्हणतो, “तुमच्या आधी निघतो, माफ करा.” मागे राहणाऱ्याने म्हणायचं, “ओत्सुकारेसामा देश्ता.” दमलात, फार केलंत. तास सुटला की आम्ही दर वेळी याचा सराव करायचो.

वनिताची पोलादपूरची एसटी उशिराची, म्हणून ती मागे राहायची, वर्ग झाडायची. हातात केरसुणी घेऊन प्रत्येकीला ओत्सुकारेसामा म्हणायची.

एकदा म्हणाली होती, “मॅडम, आधी निघायची पाळी माझी कधी येनार?”

मी म्हटलं होतं, “‘येनार’ नाही, ‘येणार’ म्हण.”

वनिता, तुला येत होतं. सगळं येत होतं.

ओत्सुकारेसामा देश्ता.