कांद्याला हळदीची भर

आमच्या मेडशीत हळद लावणारे पुष्कळ आहेत, पण हळदीवरून एवढी शेखी मिरवणारा माणूस एकच, मारोतराव. त्यांचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून आहे, त्यामुळे हळदीवरचं त्यांचं प्रवचन मला फुकटात ऐकायला मिळतं. घरामागच्या वाडीशी मात्र त्यांचा काडीचा संबंध नव्हता. तिथलं राज्य त्यांच्या बायकोचं, तुळसाबाईचं. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि घराला वर्षभर पुरतील एवढे कांदे.

दिवाळीच्या तोंडावर तुळसाबाई ओल्या फरशीवर घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. अकोल्याला ऑपरेशन झालं, रॉड टाकला. घरी आल्या त्या वॉकर धरून. थोड्या दिवसांनी त्यांच्या मुलाने, शिवमने, विषय काढला.

"माय, तुले आता वाकता येत नाही. वाडी पडीक ठेवल्यापरीस तिथं काँक्रीट टाकू अन् टिनाचं शेड करू. ट्रॅक्टर उघड्यावर सडून राह्यलं."

पोराचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. तुळसाबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. दोन दिवस धड जेवल्याही नाहीत. ते पाहून मारोतराव बोलून बसले, "यंदाचे कांदे मी लावतो. पिकले तं वाडी राहीन. नाही पिकले तं टाक तुहं काँक्रीट."

झालं. म्हातारा शब्दात अडकला. कुठूनसं रोप आणलं, वाफे केले, लावणी केली. वाडीत उतरायला उंच पायऱ्या, त्यामुळे तुळसाबाईंना खाटेवरूनच कारभार पाहावा लागे. पाणी दिलं का, गवत काढलं का, त्या विचारत आणि हे "हाव" म्हणत. पात हिरवीगार होती. मीही भिंतीवरून पाहून म्हटलं, जमलं बुवा काकांना.

थंडी सरत आली तेव्हा तुळसाबाईंनी विचारलं, "आता तं कांद्याचे खांदे वर दिसत असतीन?"

"एकाचाही नाही दिसत!" मारोतराव छाती फुगवून म्हणाले. "समदे झाकून ठेवले. भर लावून राह्यलो ना मी."

"कायची भर?"

"मातीची. हयदीले लावतो तशी."

भिंतीपलीकडून असा आवाज आला की माझ्या हातातल्या कपातला चहा हिंदकळला. "अवो बाप्पा! तुमी तं कांदे जित्ते गाडून टाकले!"

हळदीचा गड्डा उघडा पडला की हळद वाया जाते, म्हणून तिला मातीची भर लागते. कांद्याचं अगदी उलटं. तो मातीवर बसतो, अर्धा उघडा राहतो आणि ऊन खाऊन फुगतो. हयातभर हळद केलेल्या माणसाने मायेने कांद्यालाही पांघरूण घातलं होतं, आणि मायेनेच घात केला होता.

मी धावत गेले तर तुळसाबाई वॉकर घेऊन पायऱ्यांशी उभ्या. मी आणि शिवमची बायको ज्योत्स्ना, दोघींनी त्यांना धरून खाली उतरवलं, खुर्चीवर बसवलं. मारोतरावांनी खुरपं उचललं.

"खुरपं नोका लावू, कापल्या जाईन. बोटानं काढा माती!" तुळसाबाई खुर्चीवरून ओरडल्या.

बिचारे दुपारभर गुडघ्यांवर रांगत माती काढत होते. खालून निघाल्या त्या लसणाच्या पातीसारख्या बारीक, पांढऱ्या माना. कांदा म्हणावा असं काहीच नाही. मारोतरावांचा चेहरा उतरला. "गेले का वं?" त्यांनी विचारलं.

"मले काय इचारता? कांद्याले इचारा," तुळसाबाई म्हणाल्या, पण नजर त्यांचीही त्या मानांवरून हलत नव्हती.

पुढचे दिवस वाईट गेले. मारोतराव सकाळ-संध्याकाळ वाफ्याशी बसत, एकेक मान चाचपून पाहत. मी चिडवलं, "काका, हात लावून कांदे फुगत नसतात." ते हसले नाहीत. मलाच लाज वाटली. तुळसाबाई रोज पायऱ्या उतरून यायच्या. आधी आम्हाला धरून, मग नुसत्या भिंतीला धरून.

आणि कांदे फुगले! सावकाश, कुरकुरत, पण फुगले. चैत्रात पात सुकून माना पडल्या तसं पाणी तोडलं, मग उपटणी झाली. काही सडके निघाले, काहींच्या माना बोटभर जाड राहिल्या होत्या. बाकीचे मात्र मुठीएवढे, घट्ट. ओसरीभर पसरले. मारोतराव त्यांच्यामध्येच भुईवर बसले आणि त्यांनी एवढा मोठा सुस्कारा टाकला की ज्योत्स्नाला हसू फुटलं. मलाही हायसं वाटलं, खरंच सांगते.

शिवम शेतातून आला. भाकर-बेसन पुढ्यात घेतलं, एक कांदा बुक्कीने फोडला, खाल्ला, मग दुसरा फोडला. खाता खाता म्हणाला, "राहू द्या वाडी. ट्रॅक्टर काय साखरेचं हाय, पान्यात विरून जाईन?"

तुळसाबाई नवऱ्याकडे वळल्या. "पुढच्या साली रोप मी लावीन. तुमी पाणी तेवढं द्या. मातीले हात नोका लावू."

मारोतराव खूप हसले आणि हसता हसताच रडले. 'रोप मी लावीन' असं ती म्हणाली, हे दुसऱ्या दिवशी त्यांनी मला भिंतीवरून तीनदा सांगितलं.