दस्तगीरचं चालणं

दस्तगीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलोच होतो. आदल्या संध्याकाळी रंकाळा तलावावर आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं, तेही एका इंग्रजी क्रियापदावरून. "काका, अब्बा गेले... झोपेतच," त्याची मुलगी शबाना म्हणाली. मी खुर्चीत बसून राहिलो. निम्मं भांडण अजून माझ्या तोंडातच होतं.

आम्ही एकाच हायस्कुलात नोकरी केली. दस्तगीर मुजावर इंग्रजी शिकवायचा, मी मराठी. 'वॉक' या शब्दावर त्याचा भलता राग. पोरांनी निबंधात तो लिहिला की वही परत. कसा चालला ते लिही म्हणायचा. रमतगमत गेला तर 'स्ट्रोल', ढांगा टाकत गेला तर 'स्ट्राइड', दमून जड पावलांनी गेला तर 'ट्रज'. आणि नुसतं सांगून भागायचं नाही, करून दाखवायचा. एकदा 'स्टॅगर' दाखवताना झोकांड्या खात वर्गभर फिरला आणि नेमके हेडमास्तर दारात. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, मुजावर सर घेतात का हो? मी घसा कोरडा करून ते निस्तरलं, तर हा शहाणा बाहेर उभा राहून म्हणतो, "त्यास्नी खरं वाटलं म्हंजे जमलं की."

त्याच्याबरोबर बाहेर पडणं ही शिक्षाच होती. जरा पाय मोकळे करू, असं मी सहज म्हणालो तरी तो भर रस्त्यात थांबायचा. पाय मोकळे करणं म्हणजे नेमकं कसं, रेंगाळत की झपाझप? मागून गाड्यांचे हॉर्न वाजत असायचे.

रिटायर झाल्यावर त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बरेच दिवस अंथरुणात काढल्यावर फिजिओथेरपीवाल्या मुलीनं त्याला वॉकर धरून दारापर्यंत नेलं, तेव्हा भाभी आणि शबाना दोघी रडत होत्या. सर, चाललात की, असं ती मुलगी कौतुकानं म्हणाली. हा म्हणतो, हे चालणं न्हवं, पाय नुसता घासतोय, ह्याला 'शफल' म्हणतात. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मग हे रोजचंच सुरू झालं. शेवटी शबानानं कंटाळून मला बोलावलं. मी त्याला चांगलाच झापला. पोरी जीव तोडून करतायत, एकदा 'चाललो' म्हणायला तुझं काय जातं?

 त्याचं तोंड अजून थोडं वाकडं होतं, शब्द जड येत होते. "ह्यालाच चालणं म्हटलं," तो म्हणाला, "तर मग उद्या उठून धडपडू कशाला?"

मी रागानं चहा न घेताच उठून आलो.

पुढे काही महिन्यांनी ऐन जेवणाच्या वेळी त्याचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "लिंप," एवढंच. दस्तगीर लंगडतोय, असं मी बायकोला सांगितलं तर ती घास ठेवून हळहळायला लागली. अगं, आनंदाची बातमी आहे, हे तिला समजावता समजावता भाकरी गार झाली.

त्या शेवटच्या संध्याकाळी तो रिक्षानं रंकाळ्यावर आला आणि काठी टेकत पाण्याच्या कडेनं बराच लांब आला. आता तरी 'स्ट्रोल' म्हण, मी म्हणालो. नाही म्हणाला. 'स्ट्रोल'ला मन मोकळं लागतं आणि त्याचं सगळं ध्यान काठीत होतं म्हणे. मग मात्र माझा तोल गेला. माणसानं कधीतरी समाधान मानावं, असं मी ओरडलो, भेळ खाणारी माणसं वळून बघायला लागली. तो कठड्यावर टेकला, दम घेतला आणि शांतपणे म्हणाला, "उद्या बघू की."

जनाजा इतका भराभर नेतात हे मला ठाऊक नव्हतं. खांदा द्यायला मी दुखऱ्या गुडघ्यांनी पळत होतो आणि पुन्हा पुन्हा मागे पडत होतो... जन्मभर मला रस्त्यात थांबवणारा हा माणूस त्या दिवशी एकदाही थांबला नाही.

परवा गुडघे दाखवायला गेलो होतो. रोज चालता का, असं डॉक्टरांनी विचारलं. साधा प्रश्न. हो किंवा नाही म्हणायचं होतं. मी म्हणालो, कसं?

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. बाहेर पेशंट ताटकळत होते. आणि मी खरोखरच आठवत बसलो होतो, हल्ली मी कसा चालतो ते.