उतार गोठ्याला असतो

आमच्याकडे घराची इज्जत जोत्यावरून ठरते. पोरगी द्यायला आलेले पाहुणे आधी जोतं किती उंच ते बघतात, नवरामुलगा नंतर. पावसाळ्यात काळ्या रानाचं पाणी गावात घुसतं, विंचूकाट्याचं भय असतं, म्हणून घर जमिनीपासून वर उचलावं लागतं हे खरं आहे. पण पाण्याच्या गरजेपेक्षा माणसाची हौस नेहमी हातभर वरच असते. मी अशा गावात जन्मले, परभणीजवळच्या झरी गावाच्या पुढे कच्च्या रस्त्यानं आत, आणि चालायला लागून दोन-तीन वर्षं होतात न होतात तोच एका तापात माझे पाय गेले. पाय आहेत अजून, पण त्यांच्यात जीव नाही. उंच जोत्यांच्या गावात असे पाय घेऊन कसं राहायचं हे मला कधी कुणी विचारलं नाही. सगळ्यांना वाटायचं, हिला काय, हिला उचलून नेतातच.

उचलून न्यायचे ते आबा, माझे वडील. आई मला आठवत नाही. आबांनी मला पाठकुळी घेऊन शाळेत नेलं, भिंतीशी टेकवून बसवलं आणि मग ते रानात गेले. संध्याकाळी चिखलाच्या पायांनी परत न्यायला आले. मी मॅट्रिक झाले ती त्यांच्या पाठीवर. लोक कौतुकानं म्हणायचे, "बापानं लेकीला पाठीवर घेऊन मॅट्रिक केलं." त्यात खोटं काहीच नव्हतं. पण ज्या पाठीवर आपण बसलो आहोत तिच्याबद्दल तक्रार करायला तोंड कुठून आणायचं?

उचलून नेलेल्या माणसाचं काय होतं ते सांगते. झरीच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. एका वर्षी मी हट्टच धरला, तेव्हा भावानं मला बैलगाडीतून नेलं, उचलून बायकांच्या बाजूला अगदी पुढे बसवलं आणि तो पुरुषांच्या बाजूला जाऊन बसला. मध्ये कापडाचा आडोसा. अर्ध्या तासात मला लघवीला लागली. शेजारच्या बायका अनोळखी. हाक मारावी तर तंबूभर आवाज जाणार. सिनेमा कोणता होता ते मला आठवत नाही. पडद्यावर कुणीतरी कुणाला तरी शोधत होतं आणि मी भावाला शोधत होते. शेवटी व्हायचं ते झालं. घरी आल्यावर भाऊ मला गाडीतून उतरवत होता, तेव्हा दारात आलेल्या वहिनीनं तेवढं आपल्या पदरानं माझं लुगडं झाकलं. तेव्हापासून कुठं जायचं असलं की मी आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणं बंद करायला लागले. उचलून नेणारा तुम्हाला पोचवतो, पण निघायचं कधी ते त्याच्या हातात असतं.

मग गाडी आली. परभणीला अपंगांचं शिबिर भरलं होतं, तिथं मला हातानं चालवायची तीनचाकी सायकल मिळाली. पायडल हाताशी, साखळी खाली, मागं सामान ठेवायला जाळी. एस.टी.च्या टपावरून ती झरीपर्यंत आली आणि पुढे बैलगाडीतून. आबांनी तिला पोळ्याच्या बैलांसारखी ओवाळली, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मग ती ठेवायची कुठं असा प्रश्न पडला, कारण आमच्याही घराला जोतं होतंच. शेवटी तिला गोठ्यात जागा मिळाली. ते बरंच झालं. गोठ्याला बैलांसाठी मातीचा उतार होता. मी माजघरातून सरकत गोठ्यात जायची, गव्हाणीच्या काठावर चढायची, तिथून गाडीच्या बैठकीवर अंग टाकायची आणि उतारावरून सरळ गल्लीत. कुणाला हाक मारायची गरज नव्हती.

पहिल्या दिवशी मी पारापर्यंत गेले. परत येताना वाटेत मध्येच थांबले. काही काम नव्हतं, कुणी भेटलं नव्हतं. मला थांबता येत होतं म्हणून थांबले. त्या दिवसाइतकी सुखी मी त्याआधी नव्हते आणि त्यानंतरही झाले नाही.

आबांना मात्र ते गोठ्यातून निघणं रुचायचं नाही. शेणामुताच्या वाटेनं लेक बाहेर पडते, गाव बघतं. मी निघाले की ते दुसरीकडं बघायचे. "सांगितलं असतं तर मी नेलं असतं की, माय," एवढंच म्हणायचे. आणि पावसाळ्यात त्यांचंच खरं व्हायचं. आपली जमीन काळी. चाकाला असा चिखल धरायचा की काडीनं खरवडून हात दुखून यायचे. गाडी आली तर रस्ता नाही, म्हणजे चणे आहेत तर दात नाहीत. मी चार महिने गोठ्यात बैलांशेजारी बसून पाऊस थांबायची वाट बघायची.

अशात गावाला वाचनालय मंजूर झालं. पारासमोरची मोकळी जागा ठरली, आमच्या घरापासून सपाट वाट. सरपंच स्वतः आमच्याकडं आले आणि आबांना म्हणाले, "वाचनालय तुमच्या लेकीनं सांभाळायचं. बसून करायचं काम हाय. गावात एवढी शिकलेली रिकामी दुसरी कोण हाय?" रिकामी हा शब्द मला टोचला नाही. मी कानात प्राण आणून ऐकत होते. माझं टेबल, माझी किल्ली. सकाळी आपल्या हातानं जायचं, दुपारी वाटलं तर घरी यायचं, पाणी प्यायचं, परत जायचं. आता मला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

ती विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची वर्षं होती. वाचनालयाला नाव कोणतं द्यायचं यावरून गावात दोन तट पडले, माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. आमच्या भावकीतले लोक जे बोलत होते ते ऐकून मला लाज वाटायची. देवळाच्या पायऱ्यांवर कुणी चढायचं आणि कुणी खालूनच हात जोडायचे हे आमच्या गावानं फार आधी ठरवून ठेवलं होतं, आणि आता दारावर कुणाचं नाव लिहायचं तेही त्यांनीच ठरवायचं होतं. शेवटी पाटीवर कुणाचंच नाव लिहिलं नाही, नुसतं 'सार्वजनिक वाचनालय' लिहिलं. सार्वजनिक.

पाया खणायला लागले तशी मी रोज गाडी घेऊन जाऊन बसायची. एक दिवस गवंड्याला म्हटलं, "मामा, पायऱ्या करा, पण बाजूनं एक उतार सोडा. माझी गाडी वर आली पाहिजे."

गवंडी हसला. "बाई, उतार गोठ्याला असतोय. हितं सरस्वती बसवायची हाय, बैल न्हाई बांधायचे."

जमलेली माणसंही हसली. वाईट मनानं हसली नाहीत. मी चिकाटी सोडली नाही, सरपंचांना सांगितलं. त्यांनी आबांकडं बघितलं. आबा तिथंच होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि मला क्षणभर वाटलं की आता ते माझ्या बाजूनं बोलणार. ते बोललेही माझ्याच बाजूनं.

"माझी लेक काय जनावर हाय का, उतारावरनं जायला?" आबा म्हणाले. "तिनं लय सोसलंय. ती पायऱ्यांवरनं जाईल, मानानं. मी नेईन तिला, मी हाय अजून. आन् जोतं आनखी वाढवा. माझी लेक बसनार हाय तिथं, साऱ्या गावाला दिसली पायजे. दगड माझ्या बांधावरचा घ्या."

सगळ्यांना ते पटलं. कुणीतरी म्हणालं, बाप असावा तर असा. यावर मी काय बोलणार होते? की आबा, तुमची लेक रोज गोठ्यातूनच बाहेर पडते? की या गाडीवर मला जेवढा मान वाटतो तेवढा तुमच्या पाठीवर कधी वाटला नाही? चार माणसांत बापाला असं बोलता येत नाही आणि घरी गेल्यावर तर त्याहून नाही. पुढचे कितीतरी दिवस आमची बैलगाडी बांधावरचा दगड आणून पारापुढं ओतत होती. माझ्याच बापानं, आमच्याच बैलांनी, माझ्याच वाटेत. रागानं आणून टाकला असता तर मी भांडले तरी असते.

पायऱ्या किती झाल्या ते मी मोजलं नाही. ज्याला चढायच्या असतात त्यानं मोजाव्यात.

उद्घाटनाला मला खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं. हार घातला, टाळ्या वाजल्या, परभणीहून आलेल्या साहेबांनी भाषणात माझ्या जिद्दीचं उदाहरण दिलं. वरून गाव फार छान दिसत होतं. खाली माझी गाडी उभी होती आणि पोरं तिची घंटी वाजवत होती.

मग रोजचं सुरू झालं. सकाळी भाऊ नाहीतर शेजारचा कुणी तरणा गडी मला वर ठेवायचा आणि संध्याकाळी खाली आणायचा. आधीसारखंच, पाणी बंद. तरी मी ते दिवस वाईट म्हणणार नाही. म्हातारी माणसं पेपर ऐकायला यायची, शाळेतल्या पोरी पुस्तकं बदलायला यायच्या, आणि माझं टेबल होतं. पण दुपारी सगळे घरी गेले की मी दारात सरकत येऊन खालच्या गाडीकडं बघत बसायची. ती चार हातांवर असायची, पण त्या उंच दगडी पायऱ्या सरकून उतरण्यासारख्या नव्हत्या, आणि मला ती परभणीइतकी लांब होती.

दिवाळी झाली आणि उसतोडीच्या टोळ्या निघाल्या. आमच्या थोड्या कोरडवाहूत सगळ्यांचं भागत नव्हतं, त्यामुळं भाऊ आणि वहिनीही कोयता घेऊन गेले. दरवर्षीच जायचे. गावात राहिली ती म्हातारी माणसं, लेकरं आणि मी. हे सगळ्यांना ठाऊक होतं, जोतं बांधतानाही ठाऊक होतं. वर्षातले निम्मे दिवस गावात उचलणारे हात नसतात हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण आबा आहेत की.

आबा होतेच. साठीच्या पुढं गेलेले आबा मला पाठीवर घेऊन त्यांच्याच दगडावरून रोज चढायचे. त्यांचा श्वास माझ्या छातीला लागायचा. मी म्हणायची, "आबा, आज राहू द्या." ते म्हणायचे, "लोकं वाट बगायलेत तुझी."

पौषातली सकाळ होती, दगडावर दव होतं. वरच्या पायरीजवळ त्यांचा पाय सरकला. पडताना माणूस आधी हात टेकतो. आबांनी माझे हात धरलेले होते, ते सोडले नाहीत. त्यांनी अंग वळवलं आणि ते खाली, मी त्यांच्यावर, असे आम्ही पायथ्याला आलो. मला खरचटलं तेवढंच. त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. मी त्यांच्या अंगावर पडून होते, माझे हात अजून त्यांच्याच मुठीत होते आणि मला बाजूलाही होता येत नव्हतं. कुणीतरी येऊन मला उचलेपर्यंत माझ्या बापाला माझं ओझं सोसावं लागलं. त्या वेळात ते एकच विचारत होते, "तुला लागलं का, माय?"

परभणीला दवाखान्यात ते बरेच दिवस होते. त्या वयात हाड जुळलं तरी पहिल्यासारखं होत नाही. परत आले ते काठी घेऊन, एका अंगाला झुकून.

वाचनालयाची किल्ली दुसऱ्याकडं गेली. सरपंच घरी येऊन बसले, चहा घेतला, फार मायेनं बोलले. "बाई, तुला उगं तकलीफ कामून द्यायची? पेपर तुला खाली आनून देईल की पोरगा." मी उताराचं परत एकदा काढलं. ते म्हणाले, आता जोतं फोडलं तर इमारत कमजोर होईल, आणि एकटीसाठी फोडायचं म्हणजे लोक काय म्हणतील. मी किल्ली त्यांच्या हातात दिली. रडू आलं ते सगळं ते गेल्यावर, गोठ्यात, गव्हाणीशी.

त्यानंतर उन्हाळ्यातल्या संध्याकाळी आम्ही दोघं पारापर्यंत जायचो. मी गाडीवर, आणि आबा एका हातात काठी आणि दुसऱ्या हातानं गाडीची जाळी धरून मागं. आता त्यांना माझ्या गाडीचा आधार लागत होता, पण ते म्हणायचे, "मी ढकलतो, तू दमशील." आम्ही पाराच्या निंबाखाली थांबायचो. सगळ्यांचं वाचून झालं की नवा माणूस पायऱ्या उतरून मला पेपर आणून द्यायचा. आबांना काही त्या पायऱ्या परत चढता आल्या नाहीत.

एकदा ते समोरच्या वाचनालयाकडं बघत उभे होते. मला वाटलं, आता ते बोलतील. आता त्यांना कळलं असेल. उतार हवा होता असं इतकी वर्षं कुणीतरी एकदा म्हणावं म्हणून मी थांबले होते, आणि ते त्यांनीच म्हणायला हवं होतं.

"काई म्हन माय," आबा म्हणाले, "पन जोतं काय झालंय! हितून पार वालूर गावापत्तोर असं न्हाई. तुझ्यासाठीच केलं ते."

त्यांचे डोळे भरून आले होते, अभिमानानं.

"व्हय, आबा," मी म्हटलं, आणि आलेला पेपर उघडून त्यांना वाचून दाखवायला लागले.