पाहुण्याचं ताट

धुरपदाबाईची खानावळ सुरतेच्या गोडादऱ्यात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी. पाटी नाही, दाराच्या जागी पडदा. कापडाचे लूम चालवणारी आमची खानदेशी पोरं तिथं जेवतात आणि जेवता जेवता शिव्याही खातात. "भाकर टाकी देस का रे? तुना बाप ज्वारी पेरस का सुरतमा?" हे ती प्रेमानं विचारते. प्रेम संपलं की ती 'तुम्ही' म्हणते.

उखाभाऊ याच खानावळीतून नेता झाला. पारोळ्याकडून आला तेव्हा त्याच्याजवळ एक वळकटी होती आणि आवाज. लूमच्या खडखडाटातही त्याचं बोलणं पलीकडच्या शेडमध्ये ऐकू जायचं; असा माणूस दुसरं काय होणार? सुरतेत भाऊबंद मात्र कोणी नव्हते. श्रावणात धुरपदाबाईकडे आम्हा खानदेश्यांची देवी कानबाई बसली, तर हा कोपऱ्यात उपाशी. कानबाईचे रोट, म्हणजे प्रसादाच्या गव्हाच्या पोळ्या, घरच्यांनीच खायचे असतात. गहू मोजतानाच घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ काढतात. ज्याची मूठ नाही त्याला घास नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही, मग हा कोण? त्या वर्षी धुरपदाबाईनं नवऱ्याच्या, निंबाच्या नावाची मूठ काढली, मुलाची, वाल्मिकची काढली, जरा थांबली आणि आणखी एक काढून म्हणाली, "ही उखानी."

त्या मुठीवर त्याचं सगळं राजकारण उभं राहिलं. धुरपदाबाईचा भाऊ म्हणजे गल्लीचा भाऊ, आणि ती सांगेल तिकडे गल्लीचं मत. पुढं भाऊंना पक्षाचं पद आलं, जीप आली, पोट आलं. मूठ दर श्रावणात निघत राहिली.

चौऱ्याण्णव साली गणपती बुडवून लोक घरी येतात न येतात तोच प्लेगची बातमी आली. सगळी सुरत स्टेशनकडे धावली. धुरपदाबाईनंही बोचकं बांधलं. तेवढ्यात भोंगा लावलेली रिक्षा आली. उखाभाऊंचा आवाज: "घाबरू नका. कोणी गावाला जाऊ नका. मी इथंच आहे." लूम बंद पडले तर शेठांचं कसं होईल, ही काळजीही त्या आवाजात होती, ती आम्हाला पुष्कळ उशिरा ऐकू आली. बाईनं बोचकं सोडलं. "उखा सांगस ना? मंग बठा गुमान," म्हणत तिनं निम्मी गल्ली थांबवली.

आणि निंबाला ताप भरला. आसपासचे दवाखाने बंद. डॉक्टर आमच्याही आधी स्टेशनवर पोचले होते. वाल्मिक जीप मागायला भाऊंच्या घरी धावला. दाराला कुलूप. शेजारच्या गुजराती बाईनं सांगितलं, "ए तो क्यारना गया, बैरां-छोकरां लईने." बायकापोरांसकट गावी. वाल्मिक परत फिरला, तर वाटेत तीच रिक्षा आडवी आली. "मी इथंच आहे," भाऊ सांगत होते. आत ड्रायव्हर होता आणि एक कॅसेट.

निंबाला कापडाचे तागे वाहायच्या हातगाडीवर घालून सरकारी इस्पितळात नेलं. प्लेग नव्हता, मलेरिया निघाला, पण डोक्यात चढलेला. माणूस वाचला, हाताची थरथर तेवढी राहिली. तुटलेला धागा त्याला पुन्हा जोडता येईना. अशा कारागिराला लूमवर कोण उभं करणार? तो आता खानावळीत लसूण सोलतो.

भाऊ परतले ते तोंडाला रुमाल बांधून, सोबत फोटोवाला घेऊन. निंबाच्या खाटेवर बसून म्हणाले, "काय करू, गावी आई आजारी पडली." धुरपदाबाई पिठाचे हात झटकत आत निघून गेली. भाऊंच्या आईच्या दहाव्याचा स्वयंपाक तिनंच केला होता, त्याला बरीच वर्षं झाली होती.

ती भांडली नाही, हे आम्हाला खटकलं. भाऊंच्या नावाच्या घोषणा देणारा भटू तर खूश होता. "मावशी इसरी गयी," म्हणाला.

पुढचा श्रावण आला. लोकसभा जवळ येत होती, आणि खानदेशी मतं अजून उखाभाऊंचीच आहेत का, ते पक्षाच्या शहरप्रमुखांना डोळ्यांनी बघायचं होतं. सोमवारी तापीवर कानबाई बुडवून बाया परतल्या, रोट वाढायला घेतले, आणि भाऊ प्रमुखांना घेऊन दारात. मागं अख्खी गल्ली.

"साहेब, हे माझं घर," भाऊ म्हणाले. "इथं आज बाहेरच्याला घास मिळत नाही. मला मिळतो."

धुरपदाबाई दोन ताटं घेऊन आली. पुरी, श्रीखंड, बटाट्याची भाजी, पापड. निंबा आणि वाल्मिकच्या ताटात रोट, खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी.

"बसा साहेब," ती प्रमुखांना म्हणाली. मग भाऊंकडे वळली. "तुम्हीबी बसा."

भाऊ हसले. "अक्का, माझे रोट?"

"पाहुणासले रोट देतस नही. श्रीखंड खा. डेअरीनं से, ताजं से."

भाऊंचा तो आवाज पहिल्यांदाच खाली आला. "माझी मूठ नाही काढली?"

"घरमा कोन कोन से ते मोजं आनि काढी. तुम्ही ते गावले गयेल व्हतात ना."

प्रमुखांना अहिराणीचं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी पुरी पुन्हा मागून घेतली, श्रीखंडाचं कौतुक केलं. भाऊ पापडाचे तुकडे करत राहिले. उठताना नेहमीप्रमाणे त्यांनी भटूकडे पाहिलं. भटू पडद्याच्या कड्या बघत होता. घोषणा झाली नाही. गल्ली एकेक करून जेवायला घरी गेली. प्रमुखांना भाषा कळत नसली, तरी शांतता कळली.

निवडणुकीत गल्लीचं काम पक्षानं भाऊंकडून काढून छगन नावाच्या दुसऱ्या कार्यकर्त्याला दिलं. छगनचे शेठ तेच, रिक्षा तीच, भोंगाही तोच. घोषणा भटू देतो. निंबाच्या हाताचं काही कुणी विचारलं नाही.

आता गल्लीत भोंगा वाजला की धुरपदाबाई लाटणं हातात घेऊनच बाहेर येते, रिक्षा थांबवते, आणि आत माणूस बसलाय की नुसती कॅसेट आहे, ते वाकून बघते.